विश्रांतीतली मॅच

रविवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी भिंगरी मैदानात उतरली. डॉक्टरांनी तिला पळायला मनाई केली होती.

मनाई इथल्या डॉक्टरांची नव्हती, तिथल्यांची होती. सोळा वर्षांची भिंगरी गेल्या वर्षापासून परदेशातल्या एका फुटबॉल केंद्रात शिकत होती. उजव्या नडगीच्या हाडाला ताण आला म्हणून केंद्राने तिला पंधरवडाभर घरी पाठवलं. चालायचं, पळायचं नाही. चालणं मोजायला एक घट्ट बंडी दिली. तिच्या पाठीवर खिसा आणि खिशात काडेपेटीएवढं यंत्र. घरी येऊन चार्जरवर ठेवलं, की दिवसभराचं सगळं ते आपणहून तिकडे कळवायचं.

आता गंमत अशी, की त्याच केंद्राचा दुसराही एक नियम होता. मुलगी आपल्या गावच्या क्लबची खेळाडू असेल तरच तिथे जागा. आणि हंगामात एकदाही मैदानात न उतरलेल्या खेळाडूचं नाव क्लबातून कमी होई. ही हंगामातली शेवटची मॅच. खेळलं तर तिकडचे रागावणार, न खेळलं तर तिकडचे ठेवणार नाहीत. इकडे आड, तिकडे विहीर.

वाट क्लबच्या सरांनी काढली. सरांचं टायरचं दुकान आहे, आणि जगातली प्रत्येक अडचण त्यांना पंक्चरसारखी दिसते. भोक शोधा, ठिगळ लावा, पुढे चला.

"ताई, शेवटची दहा मिनिटं उतरवतो. कडेला उभी राहील. बॉलला पाय लागला न लागला, की शिट्टी. नाव टिकलं, काम झालं."

"ती उभी राहील?" आईने विचारलं.

"न राहायला काय झालं?"

"सर, तिला भिंगरी आम्ही उगाच म्हणत नाही."

पण दुसरा इलाज आईलाही सुचत नव्हता. ती लोकांना गाडी शिकवते. शेजारच्या सीटवर बसायचं, शिकणारा गडबडला की आपल्या पायाखालचा दुसरा ब्रेक दाबायचा, हे तिचं रोजचं काम. मैदानाच्या कडेला उभी असताना तिचा उजवा पाय मॅचभर चुन्याने ओढलेल्या रेषेजवळची माती दाबत होता.

"काय वहिनी, परदेशी माल शोकेसमध्येच ठेवणार का?" गोलकीपरच्या वडिलांनी मघाशी टोमणा मारला होता.

"काचेला हात लावू नका म्हणजे झालं," ती म्हणाली होती. हसली मात्र नव्हती.

पहिली काही मिनिटं भिंगरी खरंच उभी राहिली. हात कमरेवर, जणू रिक्षाची वाट बघतेय. दोन्ही संघांचा एकेक गोल झालेला. मग समोरच्या संघाची एक उंच मुलगी बॉल घेऊन तिच्या बाजूने निसटली, आणि सर ओरडले, "राहू दे! जाऊ दे तिला!"

भिंगरीने ऐकलं नाही. ती अर्धं मैदान मागे धावली, घसरून बॉल काढून घेतला, उठली आणि तो घेऊन उलट्या दिशेने सुटली. कडेचे लोक ओरडायला लागले. गोलकीपरचे वडील सगळ्यांत मोठ्याने. घामाने चिकटलेल्या जर्सीतून लेकीच्या पाठीवर हिरवा ठिपका लुकलुकताना आईला दिसला.

आईची गाडी सोडून घरून मैदानापर्यंत चालत आलेली पोर बंडी काढायलाच विसरली होती.

तिने मारलेला बॉल गोलच्या खांबाला लागून बाहेर गेला. शिट्टी वाजली. एवढं करून पदरात काय, तर बरोबरी.

गाडीजवळ सरांनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "सोपं आहे. माझ्या दुकानात ट्यूब बुडवायची टाकी आहे. रात्रभर बुडवून ठेवू. सांगायचं, चुकून धुण्यात गेलं."

आईने ते त्यांच्या हातातून घेतलं. मनात आलं, टाकू बुडवून. विमानतळावर डोळे पुसले, वर्षभर लेकीविना काढलं, ते काय एका काडेपेटीपायी घालवायला?

"दुखतंय?" तिने विचारलं.

"नाही."

"खरं सांग."

"आत्ता पाय गरम आहे गं. आत्ता कसं कळणार?"

"उभं राहायला सांगितलं होतं ना तुला?"

"राहिले होते." भिंगरी बुटाची नाडी सोडत बसली होती. "मग ती पोरगी माझ्याच अंगावरून गेली. सगळे बघत होते. मी काय खांब आहे?"

"अगं, खांबाला तरी अक्कल असते, तो जागा सोडत नाही!" सर म्हणाले.

घरी येईपर्यंत आईने तीनदा चुकीचा गिअर टाकला. दारात ती थांबली. "हे बुडवलं, तर तिकडे कोणालाच काही कळणार नाही. गेल्या गेल्या तुला पळवतील. आणि हाड आतून चिरलेलं असलं तर?"

"आणि कळलं, तर मला घेणारच नाहीत."

"हो. तसंही होईल."

भिंगरीने तिच्या हातातून यंत्र घेतलं. आत जाऊन ते चार्जरवर ठेवलं आणि फोनवर केंद्रातल्या डॉक्टरबाईंना स्वतःच लिहिलं, की मी मॅच खेळले, उभं राहायचं ठरलं होतं, पण पळाले.

सोमवारी सकाळी ती भिंतीला धरून जिना उतरली. विचारलं तर म्हणाली, झोपेत पाय अवघडला. दुपारी केंद्राचं उत्तर आलं. त्यात राग नव्हता आणि माफीही नव्हती. नडगीचा नवा एक्स-रे फोटो काढून पाठवा, तोवर परतीचं तिकीट काढू नका.

फोटो त्याच दिवशी काढला. इथल्या डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि हाडावरची एक फिकट रेघ बोटाने दाखवली. ही जुनी की कालची, ते म्हणाले, आधीचा फोटो बघितल्याशिवाय सांगता यायचं नाही.

आधीचा फोटो केंद्राकडे आहे. नवा आईने तिकडे धाडला आणि ती गाडी शिकवायला गेली. भिंगरी फोन उशाशी घेऊन पडून राहिली, दर थोड्या वेळाने उठून खिडकीपर्यंत जाऊन येत राहिली.

मंगळवारी दुपारी सरांचा फोन आला. पुढच्या हंगामासाठी क्लबमध्ये भिंगरीचं नाव पक्कं झालं होतं. केंद्राकडून अजून काही आलेलं नाही.