अंधुक, पण वेळेवर

"बाबा, आईला सांगा, यापुढे मी फक्त लिहून पाठवीन," पडद्यावरून मुलगी म्हणाली. "दर वेळी भांडायचंच असेल तर बोलायचं कशाला?"

आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. मायलेकी हातांनी बोलत, आणि एकदा सुरू झाल्या की बाबांची डाळ शिजत नसे. पण मुलगी दूरच्या बेटावर हवामान केंद्रात नोकरीला गेली आणि या बोलण्याला जणू दृष्ट लागली. आज आईने विचारलं, "आजारी आहेस का?" मुलगी नुसती बघत राहिली. आईने घाबरून विचारलं, "माझी आठवण येते का?" तेवढ्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं, "नाही." झालं, आईचे डोळे भरले.

बाबांचे केस टेलिफोनच्या लाइनी दुरुस्त करण्यात पांढरे झालेले. चित्र कसं आरशासारखं हवं, हा त्यांचा हट्ट. बेटाची लाइन बारीक, त्यातून एवढं स्वच्छ चित्र यायला वेळ लागणारच. थोडा उशीर झाला म्हणून काय बिघडलं, असं ते म्हणत. लेकीचा चेहरा नीट दिसला की आईचं मन भरतं, अशी त्यांची ठाम समजूत.

आता त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती चेहऱ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर लेकीच्या हातांवर खिळली होती. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. चेहरा त्यांनाच हवा होता.

"थांब, बंद करू नकोस," ते मुलीला म्हणाले. "चित्राचा दर्जा अगदी खाली आण. मीही इकडे आणतो."

चित्र ओल्या भिंतीसारखं फिकट, डागाळलेलं झालं. नाक-डोळे गेले, दोन हात तेवढे सपासप हलत राहिले.

आईने दबकत पुन्हा विचारलं. तिचे हात खाली येण्याआधीच उत्तर आलं.

"रोज येते. तू मध्येच दुसरं विचारतेस."

"तू गप्प बसतेस म्हणून!"

आणि दोघी भांडायला लागल्या, पूर्वीसारख्या, एकमेकींचं बोलणं तोडत, हसत. बाबांना एकदम हायसं वाटलं.

"वाळली आहे का गं ती?" त्यांनी बायकोला खुणेने विचारलं. तिने पडद्यावरची नजर न काढता त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. त्यांच्यामुळे तिच्या हातांवर सावली पडत होती.

ते भिंतीशी जाऊन उभे राहिले. तिथून लेक अजिबातच दिसत नव्हती.