सिंगापुरी काच

इंदापूर-बारामती रस्त्यावरच्या आमच्या गावात बाजाराच्या दिवशी बायका सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसत, कारण जायला जागाच नव्हती. भाजी विकणारी तानूबाई त्यापायी दोनदा चक्कर येऊन पडली. आम्ही ग्रामपंचायतीकडे स्वच्छतागृह मागत होतो, आणि तिथले सरपंच माझेच यजमान, राजवर्धनराव. म्हणजे अर्ज घरातल्या घरातच फिरत होता.

मग हे सिंगापूरला अभ्यास दौऱ्यावर निघाले. मीही गेले. तिथं दर स्टेशनात बायकांसाठी लखलखीत सोय पाहिली आणि तानूबाईच्या आठवणीनं मला रडूच आलं. ह्यांनी मात्र सहा दिवस मान वर करून काचेच्या इमारती पाहिल्या. मान अवघडली, ती मीच चोळून दिली.

परत आल्यावर ह्यांनी जाहीर केलं, की बाजारतळावर बायकांची सोय होणार, पण सिंगापूरच्या तोडीची. बारामतीहून इंजिनिअर आणला. तीन महिन्यांत इमारत उभी राहिली. समोरची अख्खी भिंत निळ्या आरशाच्या काचेची. बाहेरून आतलं काही दिसत नाही, हे येईल त्या पाहुण्याला ऐकावं लागायचं.

ते खरंही होतं. पण आतून सगळा बाजार दिसत होता. त्यात आयता आरसा मिळाल्यावर गावातले पुरुष काचेला नाक लावून भांग पाडू लागले. एकही बाई आत टिकेना. बायकाच मागासलेल्या, असं हे सांगत सुटले, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

रविवारी भर बाजारात, सगळ्या बायकांसमोर मी ह्यांना म्हटलं, आधी तुम्ही जाऊन या. चारचौघांत नाही कसं म्हणणार? गेले. मिनिटभरात लेंग्याची नाडी बांधत बाहेर आले.

"झालं का, सरपंच?" तानूबाईनं विचारलं.

"कसं हुईल? सोसायटीचं चेअरमन आबासाहेब म्होरं हुबं राहून, डोळ्यांत डोळं घालून मिशा कातरत्यात."

सोमवारी गवंडी आला. काच निघाली, विटा चढल्या. पुढच्या बाजारी तानूबाई पहिली आत गेली आणि सावकाश बाहेर आली.

त्याच आठवड्यात पुरुषांनी ग्रामसभेत अर्ज दिला, की बाजारतळावरचा आरसा गेल्यानं गावाची फार गैरसोय झाली आहे. आमच्या मागणीला नऊ वर्षं लागली होती. आरसा त्याच बैठकीत एकमतानं मंजूर झाला.