लवकरच येणार : रातकिडे

आमच्या घरात 'लवकरच' हा शब्द कुणी काढला की माझं डोकं उठतं. दोन दिवाळ्या झाल्या, नविनच्या वेबसाइटवर वरच्या बाजूला तीच पाटी आहे : लवकरच येणार, तीन नवे ऑसिलेटर आणि एक नवा फिल्टर. पाटी लावली दीपेशने. दीपेश नविनचा भागीदार, डहाणू रोडला राहतो, विक्रीचं सगळं तो बघतो. जे अजून झालेलंच नाही ते विकण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

नविन माझा नवरा. मसोलीत आमच्या दोन खोल्या, त्यातली मागची त्याची. तिथे बसून तो कॉम्प्युटरच्या आत वाजणारं वाद्य बनवतो. बेंजो पार्टीवाले ते घेतात, डीजेवाले घेतात, जर्मनीतसुद्धा कुणी कुणी घेतात. मला त्यातलं एवढंच कळतं की ऑसिलेटर म्हणजे जिथून कच्चा आवाज निघतो ती जागा, आणि फिल्टर म्हणजे चाळण. मी नरपडला चिकूच्या वखारीत निवडीला जाते, म्हणजे दिवसभर मीपण चाळणच. फक्त माझं 'लवकरच' तिथे कुणी ऐकून घेत नाही. टेंपो दारात लागला की माल तयार पाहिजे.

त्या तीन ऑसिलेटरांतला एक नविनचा फार लाडका. नाव ठेवलंय 'झरी'. झरी म्हणजे तलासरीकडचं त्याचं गाव, त्याची आई बुधीबाई अजून तिथेच राहते. लहानपणी तिथे तिन्हीसांज झाली की रातकिडे असे ओरडायचे म्हणे, की शेजारच्या घरातली हाक ऐकू यायची नाही. मग रस्त्याची कामं निघाली, झाडं पडली आणि किडे गेले. झरीला गेलो की मायलेक ओट्यावर बसून हेच बोलत राहायचे.

"पूर्वी काय ओरडायचे गं आये!"

"हां रं पोरा. आता नाय कुठं."

मला आत चुलीपाशी किडे ऐकू यायचे. पण मला वाटायचं, पूर्वी याच्या दहापट असतील, आपण कुठे पाहिलंय. मायलेकांच्या बोलण्यात सुनेने तोंड घालू नये, हे एक. आणि दिवसभर उभं राहून चिकू निवडायचे, वर तलासरीपर्यंत धक्के खात यायचं, मग माणूस कशालाही हो म्हणतं.

तर ते गेलेले किडे त्याने आठवून आठवून बनवले आणि मला ऐकवले. "कसंय?" म्हणाला. मी आपलं प्रामाणिकपणे म्हटलं, "छान. बेडूक ना?" झालं! जेवताना भाजीत मीठ नव्हतं तरी बोलला नाही, इतका रुसला. ज्यांना आधी वापरून बघायला दिलं होतं, त्यांतल्या एका जर्मन माणसाने पुढच्याच आठवड्यात कळवलं, बेडूक अप्रतिम झालेत. दीपेशने ते हौसेने वाचून दाखवलं. नविन म्हणाला, "त्यांच्याकडे रातकिडे नसतील."

मी खूप हसले. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मग फिल्टरचं सुरू झालं. तो लावला की आवाजामागे एक बारीक शिट्टी यायची, सुई टोचल्यासारखी. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत असले तरी ती माझ्या कपाळात शिरायची. आमच्या दारातला कुत्रा तर उठून रस्त्यापलीकडे जाऊन बसायचा. मी ओरडायचे, "नविन, ती शिट्टी बंद कर रे!" आतून उत्तर, "कसली शिट्टी?" मला वाटायचं मुद्दाम करतो. बेडूक म्हटल्याचा सूड.

एका रविवारी दीपेश आला. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "नविनभाई, सगळे तेच लिहितायत. शिट्टी, शिट्टी, शिट्टी. एकाने तर आवाजाचा आलेख काढून पाठवलाय, हे बघ, इथे टोक."

"टोक दिसतंय मला पण," नविन म्हणाला. "पण कानाला काय येतं? काही नाही. नुसतं चित्र बघून लोक ओरडतात. माझ्या कानांवर तुझा विश्वास नाय?"

"भाभी, तुम्ही सांगा."

"येते शिट्टी," मी म्हटलं. "कुत्र्याला विचार पाहिजे तर."

नविनने माझ्याकडे घरच्या माणसानेच दगा दिल्यासारखं पाहिलं. या माणसाने लग्नाआधी कितीतरी लग्नसराया टेंपोवर डीजे वाजवलाय, स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून. त्याचा सगळा तोरा कानांवर. टेंपो सोडला, आता बसून फक्त कानाने भाकर कमवतो. दीपेश चहा न पिता गेला. जाताना एवढंच म्हणाला, की ही शिट्टी गेली नाही तर तो दुसरा माणूस बघेल, पाटी आणखी किती दिवस लावून ठेवणार. त्यानंतर नविन मागच्या खोलीतून फारसा बाहेर आला नाही, आणि मीही फारशी आत गेले नाही. दोघंही कंटाळलो होतो एकमेकांना, खोटं कशाला बोला.

त्यातच झरीहून शेजारच्या भिकीचा फोन आला, सासूबाईंना ताप आहे. वखारीतून मी सुट्टी काढली. नविनने लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावली तेव्हा मी म्हटलं, "आईला बघायला चाललोय की शिट्टीला?"

पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. भातकापणी संपलेली, खळ्यात पेंढा रचलेला. सासूबाई ओट्यावर गोधडी घेऊन बसल्या होत्या, डोळे लाल, पण मला बघून, "चिकूचं काम सोडून कशाला आली गं?" हे विचारायची ताकद होती. नविनने त्यांच्या काखेत थर्मामीटर लावला, तो बटणाचा, झाला की पी-पी वाजतो तो. मी आत पेज टाकली.

थोड्या वेळाने पी-पी-पी ऐकू आलं. मी हाक मारली, "किती आहे?"

"अजून वाजला नाय," नविन म्हणाला.

म्हटलं, हलला असेल. परत पी-पी-पी. परत काही नाही. मी हात पुसत दाराशी आले. मायलेक खांद्याला खांदा लावून खळ्याकडे बघत बसले होते. सासूबाईंची काख घट्ट मिटलेली.

"झालं का रं?"

"थांब आये, वाजेल आता."

माझा सगळा राग तिथल्या तिथे उतरला. मी खाली बसले, थर्मामीटर काढला, आकडा वाचला, एकशे एक. मग म्हटलं, "वाजला होता, नविन. दोनदा."

तो आईकडे वळला. "आये, तुला ऐकू आला?"

"नाय बा."

त्याचा चेहरा एकदम उजळला. "बघ! आयेला पण नाय आला!"

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझं तोंड! "अरे, आये सत्तरीची आहे," मी म्हटलं. "तू कितीचा?"

त्याने माझ्या हातातला थर्मामीटर घेतला आणि कानाशी धरला. आणि तेव्हा मला ते ऐकू आलं, पेंढ्यातून, कुडामागून, आंब्याखालून. कान किटतील एवढं. नविन माझं तोंड बघत होता. मी कुठे कुठे मान वळवते ते बघत होता.

"वर्षा," तो हळू म्हणाला, "किडे ओरडतायत का?"

"हो."

"आत्ता?"

"आत्ता."

"मागच्या वेळी आलो तेव्हा?"

"तेव्हा पण. दर वेळी, नविन. मला वाटलं तू म्हणतोस ते पूर्वीपेक्षा कमी झालेत म्हणून. मला काय माहीत रे!" मला रडूच आलं.

तो म्हणाला, "जिवंत किड्यांचं श्राद्ध घालत बसलो होतो मी."

सासूबाईंनी गोधडीतून हात काढून माझा दंड धरला. "हायेत का गं अजून?"

"आहेत आये. खूप आहेत."

"बरं झालं बाय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, सगळंच चाललं." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले, तापातसुद्धा समाधानाने.

मग नविनने पिशवी ओढली. लॅपटॉप उघडला, 'झरी' लावला. खळ्यात बेडूक ओरडायला लागले. "मला जितका बारीक आवाज ऐकू येतो तिथपर्यंतच बनवला मी," तो म्हणाला. "आता सूर आणखी वर नेतो. जुळला की सांग. उद्या त्या शिट्टीलापण बस माझ्याबरोबर. बसशील ना?"

"बसेन. उद्या वखारीत नाही जात."

तो चढवत गेला. बेडूक बारीक झाले, आणखी बारीक झाले. एका जागी त्याचं बोट थबकलं. मला कळलं, इथे त्याला ऐकू येणं संपलं.

"अजून वर," मी म्हटलं.

तो पुढे नेत राहिला. स्क्रीनकडे त्याचं लक्षच नव्हतं, तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"अजून थोडं. बस्स. हाच."

त्याने हात काढून घेतला. "वाजतंय?"

"वाजतंय," मी म्हटलं. "आता तुझे कुठले आणि खळ्यातले कुठले, मलाही कळत नाहीये."