खंडेनवमीला तेल लावलेला ठोकळा

मी एक जुना रबरी ठोकळा आहे. विमानतळावरची माणसं मला चॉक म्हणतात. विमान उतरून जागेवर येऊन थांबलं की त्याच्या पुढच्या चाकाला एकीकडून मी आणि दुसरीकडून माझा भाऊ असे चिकटून बसतो, म्हणजे विमान पुढेही सरकत नाही आणि मागेही नाही. हसू नका, मित्रांनो. एवढं मोठं विमान एवढ्याशा ठोकळ्याच्या जिवावर उभं राहतं हे ऐकून सगळेच आधी हसतात आणि मग विसरून जातात. माझा राग त्या विसरण्यावर आहे, आणि आज मी तो लपवणार नाही.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. जुनी टायरं दळून, तापवून, साच्यात दाबून मला तिकोनी आकार दिला, अंगावर पिवळे पट्टे ओढले आणि भावाशी दोरीने बांधून टाकलं. एकटा ठोकळा काही कामाचा नसतो. मग टेम्पोत घालून आम्हाला नगर जिल्ह्यातल्या या लहानशा विमानतळावर आणलं. त्याचं नाव विचारू नका, मी कोणाची बदनामी करायला बसलेलो नाही. कुंपणापलीकडे ऊस आहे, आणि साखर कारखाना सुरू असताना वारा फिरला की मळीचा वास थेट विमानाच्या शिडीपर्यंत येतो, एवढं सांगितलं तरी पुरे.

मला आमोसच्या हाती सोपवलं. आमोस देवळाली प्रवऱ्याचा, बोलायला कमी आणि कामाला वाघ. रोज सकाळी तो मला कोरड्या फडक्याने पुसायचा. चाकाला लावला की बुटाच्या टाचेने दाबून पाहायचा आणि मगच वर काचेत बसलेल्या वैमानिकाला अंगठा दाखवायचा. तो अंगठा म्हणजे शब्द दिल्यासारखा असतो. त्याच्यावर विश्वास ठेवून वैमानिक ब्रेक सोडतो आणि विमानाचा सगळा भार आमच्यावर येतो. प्रवासी उतरले की विमानासोबत फोटो काढतात, पंखासोबत काढतात, शिडीवर उभं राहून काढतात. माझ्यासोबत आजवर एकानेही काढला नाही. काढू नका, पण निदान लाथ तरी मारू नका. सामानाच्या ट्रॉल्या ओढणारी मंडळी जाता येता मला लाथेने बाजूला सारायची, तेव्हा आमोसच तेवढा त्यांच्यावर खेकसायचा.

आमोसचा जोडीदार होता गोरक्ष. राहुरीजवळच्या एका वस्तीवरचा. पूर्वी तो उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, त्यामुळे कुठलंही यंत्र त्याला घरच्या जित्राबासारखं वाटायचं. दोघांची दोस्ती पक्की होती. दिवाळीचा फराळ आमोसकडे जायचा आणि नाताळातल्या करंज्या गोरक्षकडे यायच्या.

आता त्या खंडेनवमीचं सांगतो. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं, अवजारं, यंत्रं धुऊन पुसून पूजेला मांडतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. आमच्या विमानतळाच्या मॅनेजरांनी, त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, सकाळीच फर्मान काढलं की पूजेचा फोटो वर पाठवायचा आहे, एकूण एक वस्तू चमकली पाहिजे. सुरक्षेचं काम पाहणारी निकिता मॅडम लगेच म्हणाली की फुलं उघडी ठेवू नका, पाकळी उडून इंजिनात गेली तर भलतंच होईल. तिचं म्हणणं सगळ्यांनी ऐकलं. पूजा झाल्यावर तिने स्वतः वाकून एकेक पाकळी वेचली. फुलं दिसत होती म्हणून ती वेचली गेली.

माझ्या अंगावरचं तेल कोणाला दिसलं नाही. गोरक्षच्या घरी ट्रॅक्टरच्या टायरला खंडेनवमीला तेलाचा हात फिरवायची रीत. टायर कसं काळंभोर, नव्यासारखं दिसतं. साहेब चमकवा म्हणाले, त्याने मला चमकवलं. वाटीत गोडेतेल घेऊन त्याने ते मला आणि माझ्या भावाला इतक्या मायेने चोळलं की काय सांगू. त्याच्यावर चिडावं तर चिडताही येत नाही, हेच माझं दुखणं आहे. ट्रॅक्टरचं टायर फिरण्यासाठी असतं. माझं सगळं काम जमिनीला घट्ट धरून राहण्याचं.

दुपारचं विमान आलं. त्या दिवशी वारा अंगात आल्यासारखा सुटला होता. आमोसने मला उचललं आणि तो थबकला.

"आरं, ह्ये बुळबुळीत कशानं झालंय?" त्याने विचारलं.

"पूजेचं तेल हाय," गोरक्ष म्हणाला. "आसू दे आजच्या दिवस."

आमोसचं फडकं खिशातच होतं. त्याचा हात खिशाकडे गेलासुद्धा. पण दोस्ताने पूजेत वाहिलेलं आपण, दुसऱ्या धर्माच्या माणसाने, पुसून टाकायचं कसं, असं त्याला वाटलं असावं. त्याने फडकं काढलं नाही. मला चाकाच्या मागच्या बाजूला लावलं, टाचेने दाबलं आणि अंगठा दाखवला. मी ओरडत होतो, मित्रांनो. ठोकळ्याचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

वैमानिकाने ब्रेक सोडला. आमोस धावत मागच्या दाराशी लावलेल्या शिडीचे लोखंडी पाय पक्के करायला गेला. समोरून वाऱ्याचा एक तडाखा आला, चाक माझ्यावर रेललं आणि मी घसरलो. जमीन धरायचा मी जिवाच्या आकांताने प्रयत्न केला, पण माझ्या आणि जमिनीच्या मध्ये तेल होतं. विमान मागे सरकलं, शिडी वाकडी ओढली गेली. दारात पाऊल टाकणाऱ्या एका आजोबांना हवाईसुंदरीने दंडाला धरून आत ओढलं म्हणून ते वाचले. खाली शिडीचा लोखंडी पाय आमोसच्या पायावर चढला. पाऊल चेचलं गेलं.

त्याच संध्याकाळी साहेबांच्या सांगण्यावरून गोरक्षने मला साबणाने खसाखसा धुतलं. धुताना तो रडत होता. मग साहेबांनी सगळ्यांना जमवून सांगितलं की चौकशीला मुंबईहून अधिकारी येतील, त्यांना एकच सांगायचं, ठोकळा जुना होता, झिजला होता. आमोसला भरपाई मिळेल, गोरक्षची नोकरी वाचेल, कोणाचंच नुकसान नाही. "ठोकळ्याला काय," ते म्हणाले, "ना बायको, ना पोरं." चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

चौकशीच्या दिवशी मुंबईहून आलेल्या अधिकाऱ्यापुढे मला साहेबांच्या टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं. आमोस कुबड्या घेऊन आला आणि बरोबर माझ्यासमोर बसला. दाराशी गोरक्ष उभा होता. त्याच्या घरी तिघं लेकरं, धाकटी नुकती शाळेत जायला लागलेली. ते आमोसला माहीत होतं, आणि मलाही. खोटं बोललं तर दोस्त वाचत होता. खरं बोललं तर उद्या माझ्या जागी येणारा नवा ठोकळा आणि त्याच्याशी काम करणारा नवा माणूस वाचत होता. मला वाटलं, हा दोस्तालाच वाचवणार.

"चॉक झिजलेला न्हवता, साहेब," आमोस म्हणाला. "रोज मीच पुसायचो. त्या दिवशी त्याला तेल हुतं. माझ्या हाताला लागलं. म्या पुसलं न्हाई, आन् अंगठा बी मीच दाखवला."

अधिकाऱ्याने विचारलं, तेल कोणी लावलं? आमोसने नाव घेतलं नाही. मग दारातून गोरक्ष पुढे आला.

"म्या लावलं," तो म्हणाला. "चॉक धुतला बी मीच."

निकिता मॅडम उठून उभी राहिली. फुलं मी पाहिली, ठोकळे तपासायचं कामही माझंच होतं, ते मी तपासले नाहीत, असं तिने स्वच्छ सांगितलं. अधिकाऱ्याने पुढचं विचारलं. चमकवायला कोणी सांगितलं? धुवायला कोणी लावलं?

सगळे साहेबांकडे पाहू लागले. साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला.

"त्यांची श्रद्धा असते," ते म्हणाले. "आपण अडवणारे कोण?"

त्यापुढे कोणी काही विचारलं नाही. गोरक्षची नोकरी गेली. आमोस आता फाटकाजवळ खुर्चीवर बसतो, त्याला लांबवर चालवत नाही. निकिता मॅडमला समज मिळाली. साहेबांना काही झालं नाही. माझा काही दोष नव्हता हे भर खोलीत सिद्ध झालं, तरी मला भंगारात काढलं, कारण तेल प्यालेल्या रबरावर पुन्हा कोणाचा भरवसा बसत नाही. नवे ठोकळे आले आहेत. त्यांना तरी कोणी तेल लावणार नाही अशी आशा आहे.

तर मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कोणी विमानाजवळ काम कराल, कोणी कारखान्यात, कोणी खुर्चीवर बसून हुकूम द्याल. आमची पूजा जरूर करा, पण आम्ही कशासाठी आहोत ते आधी विचारा. हाताला बुळबुळीत लागलं तर पुसा, दोस्त रागावला तरी पुसा. आणि काही विपरीत घडलंच, तर आपल्या चुकीचा वाटा आपण उचला. त्या खोलीत तिघांनी आपापला वाटा उचलला, चौथ्याचा तसाच राहिला. न उचललेला वाटा हवेत विरून जात नाही. तो कोणाच्या तरी पायावर पडतो.