उजेडाचे मांडे

जितेंद्रचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. त्या लग्नात मांडे बाहेरच्या बायांनी केले आणि आजी सुनंदाबाई मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसून बघत राहिल्या. गावातल्या निम्म्या लग्नांना मांडे त्यांच्याच हातचे असत. पण पडून मोडलेलं उजवं मनगट वाकडं जुळलं होतं, त्याला पुरणाचा भार पेलवेना. मरायच्या आधी एकदा मांडा हातांवर झुलत पसरावा, एवढी हौस उरली होती.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर नात मोहिनी त्यांना आणि आजोबांना, रतिलाल आबांना, धुळ्याला, देवपुरात घेऊन गेली. तिथे एका संस्थेसाठी ती खानदेशी स्वयंपाकघराचं दालन उभारत होती. चूल खरी, चुलीवर पालथं घातलेलं खापर खरं. मांडा मात्र उजेडाचा. वर छताला कॅमेरा आणि प्रोजेक्टर. हात पुढे केले की त्यांवर उजेड पसरायचा, हात हलतील तसा वाढायचा, खापरावर टाकला की तांबूस व्हायचा. घाई केली की फाटायचा.

सुनंदाबाईंचे प्रश्न संपेनात. हे यंत्र बघतं कुठून, डावखुरीचा हात त्याला कळतो का, बांगड्यांनी बिचकतं का. आबा स्टुलावर बसून म्हणाले, "मंग जेवाना टाइमले काय भिंत चाटानी का?"

सुनंदाबाईंनी हात पुढे केले. मांडा फाटला. पुन्हा केले, पुन्हा फाटला. मोहिनी सावकाश, सावकाश म्हणत होती, पण हात पुढे पळत होते.

"यानं वजन कोठे शे वं?" त्या म्हणाल्या. "वजन नही तं हातले कसं समजी?"

रंगावर आणि चुरचुर आवाजावर मोहिनीने महिने घातले होते; वजन तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तोवर सुनंदाबाई चुलीजवळच्या परातीकडे वळल्या होत्या. दाखवायला म्हणून तिथे खरी कणीक भिजवून ओल्या फडक्याखाली ठेवली होती. कणीक त्यांना झेपणार नव्हती. त्यांनी फडकंच उचललं, पिळलं आणि दोन्ही हातांवर टाकलं.

कॅमेरा गोंधळेल असं मोहिनीच्या ओठांवर आलं होतं, पण तिलाही आता बघायचंच होतं.

ओलं फडकं मधोमध झोल घेऊन लोंबलं आणि हात आपोआप मंदावले. उजेड फडक्यावर उतरला, पातळ होत कोपरापर्यंत गेला. या हातावरून त्या हातावर, पुन्हा या हातावर. फाटला नाही. मग त्यांनी तो खापरावर टाकला आणि तो तांबूस झाला.

आबा उठून जवळ आले. पुरण जरा कमी पडलं, म्हणाले.

सुनंदाबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. फडक्याची कड उचलून त्या खालची बाजू भाजली का ते बघत होत्या.

दालन उघडलं तेव्हा चुलीपाशी ओल्या फडक्यांची एक पाटी ठेवलेली होती. सुनंदाबाईंनी त्या हिवाळ्यात तिथे येणाऱ्या पोरीबाळींना पुष्कळ मांडे शिकवले. ११ जानेवारी २०२५ रोजी दुपारी, राहत्या घरी, त्या वारल्या.