खाजणातला कोंबडा

लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात मी खाडीकाठच्या खाजणात एक पक्षी पाहिला होता. काळाभोर, लांब पायांचा, कपाळावर तांबडा तुरा. घरी येऊन सांगितलं, तर माझ्या नणंद यमुनावन्सं म्हणाल्या, "शेजाऱ्यांचा कोंबडा सुटला असेल." सगळं घर हसलं. पुढे पन्नास वर्षं, बारसं असो की मुंज, वन्सं ही गोष्ट सांगत आल्या. "आमच्या वहिनीला कोंबडासुद्धा ओळखता येत नाही."

आता ते खाजण पक्ष्यांसाठी राखून ठेवलंय. भातशेती सुटली, लव्हाळं माजलंय, काठाला बांबूचा आडोसा आहे. तिथे देखरेखीला असलेल्या श्रद्धाने परवा सांगितलं, "आजी, पाणकोंबडा आलाय. फार वर्षांनी."

मी लगेच वन्संना फोन लावला. दुसऱ्याच दिवशी त्यांचा मुलगा दीपक त्यांना कायमचं डोंबिवलीला नेणार होता.

"सामान बांधायचं टाकून कोंबडा बघायला येऊ?"

"याच. तो बघितल्याशिवाय तुम्हाला जाऊ देणार नाही मी."

आल्या. आडोशात बसल्या आणि बोलत सुटल्या. सातवा मजला, लिफ्ट, तुळस ठेवायला गॅलरी केवढी.

"आजी, हळू. आवाज झाला की तो बाहेर येत नाही," श्रद्धा म्हणाली.

"कोंबड्याचा थाट बघा," वन्सं म्हणाल्या. मग गॅलरीचं अर्धवट सोडून गप्प झाल्या. इतक्या वर्षांत आम्ही दोघी अशा न बोलता कधी बसलो नव्हतो. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. लव्हाळ्याकडेच पाहत राहिले. तो येणार, याची मला खात्री होती.

आतून घुमल्यासारखा आवाज आला. थोड्या वेळाने पाती हलली आणि तो चिखलात उतरला. काळाभोर. तांबडा तुरा. श्रद्धाने दुर्बीण वन्संच्या हातात दिली.

"दिसला?"

"दिसतोय."

"मग?"

"कोंबडाच आहे गो."

श्रद्धाने तोंडावर ओढणी धरली. मी दुर्बिणीसाठी हात पुढे केला, तर वन्संनी खांदा वळवला.

"थांब जरा. नीट बघू दे. तिकडे शेजारणींना सांगेन, तर म्हणतील, म्हातारीने कोंबडा बघितला."

"तेव्हा मला फोन लावा," मी म्हटलं. "मी बोलते त्यांच्याशी."