मेलेल्या राईतलं पाणी

बेल्मिरोने चाकूच्या टोकाने कलमाच्या बुडाशी साल खरवडली आणि आत हिरवं निघायच्या ऐवजी काळं निघालं. दौत लवंडावी तसं काळं. त्याने शेजारचं कलम खरवडलं, मग त्याच्या पुढचं. सगळीकडे तेच. मागे उभी असलेली दिओलिंदा वाकून बघू लागली.

"शाई," बेल्मिरो म्हणाला.

त्या डोंगरावर हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. चेस्टनटच्या राईत शाईचा रोग शिरला की ती राई गेली, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काल-परवापर्यंत ही कलमं हिरवीगार होती. दिओलिंदाने स्वतःच्या हाताने जगवली होती ती.

जूनमध्ये, तिकडचा उन्हाळा लागताना, बेल्मिरो खुब्याच्या ऑपरेशनसाठी ब्रागांसा शहरातल्या इस्पितळात गेला, तेव्हा निघताना त्याने शेजारणीला एवढंच सांगितलं होतं की घर जळालं तरी चालेल, माझी कलमं तेवढी सांभाळ. बायको नाही, मूल नाही. आयुष्यभराची पुंजी म्हणजे ती कलमं. दिओलिंदाने शब्द दिला. आणि मग असा उन्हाळा पडला की विचारू नका. जुलैतच झाडांची पानं करपली, काटेरी बोंडं पोकळच गळू लागली, आणि ऑगस्टमध्ये गावचा झरा आटला. जुनी झाडं कशीबशी तग धरतात, त्यांची मुळं खोल; पण कोवळ्या कलमांनी काय करायचं?

पाणी एकाच ठिकाणी उरलं होतं. खाली ओढ्याकाठी कासिमिरोची राई होती, काही वर्षांपूर्वी शाईने मेलेली. झाडं तोडून नेली होती, पण तिथलं तळं काठोकाठ भरलेलं. सगळीकडे ठणठणाट असताना तिथेच पाणी का, हे कुणी विचारलं नाही. अहो, पिणारी झाडंच उरली नव्हती! दिओलिंदाने ट्रॅक्टरला टाकी जोडली आणि उन्हाळाभर खेपा घालून जिवाचं रान केलं.

पाववाली झुल्मिरा भट्टीच्या दारातून टोमणे मारायची. "स्वतःची झाडं होरपळतायत आणि दुसऱ्याच्या झाडांना न्हाऊ घालतेस होय गं? त्यापेक्षा लग्नच कर ना त्या म्हाताऱ्याशी." दिओलिंदा हसून पुढे जायची. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. अख्ख्या डोंगरावर हिरवा तुकडा तेवढा एकच, आणि तो तिच्या जिवावर. रविवारी चर्चमधली मिसा आटोपली की लोक मुद्दाम बघायला यायचे.

आता बेल्मिरो काठी टेकून तिच्याकडे वळला. "पाणी कुठलं घातलंस?"

"कासिमिरोच्या तळ्यातलं. पण भाऊ, स्वच्छ होतं ते. मी स्वतः प्यायलेय."

बेल्मिरो बांधावर मटकन खाली बसला. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"तुला कशाला होईल, दिओलिंदा? हा रोग झाडाला होतो. पाण्यातूनच जातो तो."

"मला वाटलं, रोग झाडांत होता. झाडं तर तोडली."

सगळी उपटते, जाळते, पुन्हा कलमं बांधून देते, असं काहीबाही ती बोलत राहिली. पण बेल्मिरोचं लक्ष कलमांकडे नव्हतंच. तो उताराकडे बघत होता. त्याचं शेत डोंगराच्या माथ्यावर. त्याच्याखाली दिओलिंदाची राई, तिच्याखाली झुल्मिराची, मग चर्चची, आणि पार ओढ्यापर्यंत अख्ख्या गावाची. पणज्या-खापरपणज्यांनी लावलेली झाडं. एवढा उन्हाळा सोसून नुकती कुठे सावरत होती.

"पहिला पाऊस झाला," तो हळू म्हणाला, "की हे सगळं खाली उतरणार."

दिओलिंदाने पश्चिमेकडे पाहिलं. डोंगरामागून ढग वर येत होते, काळेभोर, भरलेले. उन्हाळाभर गुडघे टेकून तिने मागितले होते तेच ढग. इतकी भीती तिला उभ्या जन्मात कधी वाटली नव्हती. बेल्मिरोने कुदळ मागितली. उताराला आडवा चर खणायला घ्यायचा, म्हणाला, होईल तेवढा. त्या खुब्याने तो काय खणणार होता!

ती कुदळ आणायला आणि माणसं बोलवायला धावत खाली निघाली. वाटेतच झुल्मिरा भेटली, पिठाच्या हातांनिशी वर येत होती. तिने दिओलिंदाचे दोन्ही हात धरले. डोळे भरून आले होते तिचे.

"बघितलंस का ढग? तुझ्यासारखीच्या पुण्याईने येतायत गं बाई."

"झुल्मिरा," दिओलिंदा म्हणाली, "पाऊस पडू नये म्हणून प्रार्थना कर."

झुल्मिरा खळखळून हसली. तिला वाटलं, आज टोमणा मारायची पाळी हिची.